वाढत्या मापाचे बूट

बूट घ्यायला वैजनाथ लेकीला घेऊन शनिवार पेठेतल्या दुकानात गेला, तेव्हाच खरं तर त्याला शहाणा माणूस भेटला होता. पण शहाण्याचं बोलणं झोंबलं की ते कानात शिरत नाही, आणि त्या दुकानदाराचं बोलणं चांगलंच झोंबणारं होतं.

दुकानदारानं भाग्यश्रीचा पाय मापाच्या पट्टीवर ठेवून घेतला आणि म्हणाला, "तीन नंबर."

"पाच द्या," वैजनाथ म्हणाला.

"पट्टी तीन म्हणतेय."

"वाढतं अंग हाय तिचं. अकरा पूर्ण झालेत. ध्यानात येणार नाई, इतक्या लवकर बसतेत."

दुकानदारानं चष्म्याच्या वरून एकदा बापाकडे, एकदा लेकीकडे पाहिलं. "अहो, मुलीला घेताय की मुलीच्या मुलीला?"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. वैजनाथच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "पाच नंबर द्यायचेत का दुसरीकडं जाऊ?" तो म्हणाला. दुकानदारानं खांदे उडवले आणि पाच नंबरचे बूट काउंटरवर ठेवले. हिरवेगार, तळाला टोकदार गुट्ट्या, नारिंगी नाड्या. भाग्यश्रीनं ते छातीशी धरले आणि बसमध्ये बसेपर्यंत खोक्यातसुद्धा ठेवू दिले नाहीत.

वसमतकडच्या वैजनाथच्या गावात मापाचं म्हणून कुणी काही घेतच नसे. शाळेची चड्डी पाचवीत करदोट्यानं आवळून घालायची, ती सातवीत मापाला यायची आणि आठवीत धाकट्या भावाच्या कमरेला जायची. वैजनाथच्या लग्नातला कोटसुद्धा खांद्यावरून ओघळत होता; फोटोत तो हसतोय आणि हात बाह्यांमध्ये गडप झालेत. नेमक्या मापाचं घेणं म्हणजे लेकराच्या वाढीवर भरवसा नाही असं सांगणं, असंच त्याच्या आईनं त्याला शिकवलं होतं. मोठं माप ही कंजुषी नव्हती. ती माया होती.

घरी आल्यावर मुक्तानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, नवऱ्याच्या जुन्या बनियनचे दोन तुकडे फाडले, घड्या घातल्या आणि एकेका बुटाच्या टोकात ठासून बसवले.

"चाल बरं आता."

भाग्यश्री खोलीतल्या खोलीत चार पावलं चालली.

"बसतेत का?"

"मस्त आहेत," ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी ती ते घालून गल्लीत चेंडूमागे पळायला लागली.

हे बूट घेण्याची वेळ आली ती शाळेचं मैदान बंद पडल्यामुळे. मार्चच्या अखेरीला तिथं पाण्याच्या टाकीचं काम निघालं, पत्रे उभे राहिले आणि संध्याकाळी शाळेतले सौरभ सर मुलामुलींना जो फुटबॉल शिकवायचे, तो थांबला. सरांनी वैजनाथला बोलावून घेतलं होतं. पत्र्याच्या सावलीत उभं राहून ते म्हणाले, "भाग्यश्रीचा डावा पाय वेगळाच आहे हो. शिकवून येत नाही तसलं. तिला सुट्टीत एखाद्या अकादमीत घाला. पण नीट बघून घाला. माझ्याकडच्या दोन मुली चांगल्या खेळायच्या, नको त्या ठिकाणी गेल्या आणि वर्षात खेळ सोडून घरी बसल्या. एकदा सोडला की ह्या वयात मुली परत येत नाहीत."

ते वाक्य वैजनाथच्या डोक्यात भुंग्यासारखं राहिलं. नीट बघून घाला म्हणजे काय बघून? फरशी बघायची असती तर त्यानं डोळे मिटून, हात फिरवून सांगितली असती. बारा वर्षं तो पुण्यात फरशी बसवत होता. दिवसाचे आठ तास गुडघ्यावर. गुडघ्यांखाली गोणपाटाची घडी, हातात थापी, बोटांची टोकं सिमेंटनं खाल्लेली. खेळातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं.

त्या दिवसांत त्याचं काम कोथरूडला कल्याणीताईंच्या घरी चाललं होतं. गॅलरी आणि दोन बाथरूम. कल्याणीताई बोलायला फटकळ, पण चहा आठवणीनं करणाऱ्या. चहा देताना त्यांनी विचारलं, "आज गप्प का? माझ्या फरशीत काही घोळ केलात का?"

वैजनाथनं लेकीचं सांगितलं.

"एवढंच ना! आमचा पृथ्वीराज जातो ना अकादमीत, इथून जवळच. खाली गवत, वर दिवे. मी बोलते प्रज्ञेश सरांशी. फीचंही बघतील ते. तुम्ही फक्त शनिवारी सकाळी मुलीला घेऊन जा."

दुसऱ्याच्या लेकरासाठी कोण शब्द टाकतं आजकाल? त्या दिवशी त्यानं गॅलरीतली शेवटची ओळ इतकी मन लावून बसवली की सांध्यात नख शिरलं नसतं.

शनिवारी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला. अकादमीच्या फाटकाशी वॉचमन होता. त्यानं वैजनाथच्या हाताकडे बघितलं आणि म्हणाला, "आज काम बंद आहे. सोमवारी या."

"मुलगी खेळायला आलीय," वैजनाथ म्हणाला. वॉचमननं भाग्यश्रीच्या पायातले हिरवे बूट बघितले आणि फाटक उघडलं. वैजनाथला त्या बुटांचा फार अभिमान वाटला.

आत सगळं हिरवं होतं. पालकांना बसायला खुर्च्या होत्या. वैजनाथ जाळीला टेकून उभा राहिला. त्यानं सवयीनं जमिनीचा उतार बघितला. पातळी अशी होती की सुतभर इकडेतिकडे नाही. काम चोख होतं. असल्या ठिकाणी आपली पोरगी पळतेय, हे बघून त्यानं इस्त्रीच्या शर्टाची कॉलर नीट केली.

भाग्यश्रीनं पहिलाच चेंडू डाव्या पायानं असा अडवला की बाजूच्या खुर्चीतले एक गृहस्थ "अरे वा!" म्हणाले. मग ती वळली आणि पडली. उठली. परत पळाली. पुढच्या वळणावर पुन्हा पडली. या वेळी उठताना तिनं ओठ दाताखाली धरलेला वैजनाथला दिसला.

"लागलं का?" त्यानं जाळीतून विचारलं.

"नाही पप्पा."

प्रज्ञेश सर तरुण होते, हसतमुख होते. चाळीस पोरं होती आणि ते सगळ्यांना नावानं हाक मारत होते. शेवटी टॅबवर बोट फिरवत ते वैजनाथपाशी आले. "टच खूप छान आहे हिचा. बॅलन्स वीक आहे. त्यावर काम करू. बी ग्रुपमध्ये घेतो. फीचं कल्याणी मॅडम बोलल्यात, तुम्ही टेन्शन घेऊ नका. फॉर्म भरून मंगळवारपर्यंत द्या." त्यांनी चार पानांचा फॉर्म हातात ठेवला. त्यांच्या वागण्यात नाव ठेवायला जागा नव्हती.

मुक्ता दुपारी तीनला घरी आली. कर्वेनगरात मुलांची मेस होती, तिथं ती पोळ्या लाटायची. सकाळपासून अडीचशे पोळ्या, त्यामुळे घरी आल्यावर तिचा उजवा खांदा वर उचलला जायचा नाही. केस विंचरायलाही ती लेकीला बसवायची. भाग्यश्री तिच्या मागे कंगवा घेऊन बसली होती आणि वैजनाथ फॉर्म दाखवत होता.

"झालं मग," तो म्हणाला. "मंगळवारी भरून देऊ."

"आजून एक जागा बघू," मुक्ता म्हणाली. "मेसमधी एक पोरगी जेवाया येती, ती खेळायची तितं. नदीकडच्या मैदानावर. बाई शिकविती मनं."

"हितं काय वाईट हाय? कल्याणीताईनं शब्द टाकलाय."

"मी कुठं वाईट मनले? पोरगी द्यायची तर मान्सं एकच घर बघून देतेत का?"

"आपण तिला द्यायलो का?"

"रोजचे दोन तास द्यायलोच की." मुक्तानं खांदा दाबला. "तितं संडास कसा हाय?"

"आँ?"

"पोरीला जायची जागा कशी हाय? कडी लागती का?"

"मी कामून बघू पोरींचा संडास!"

"मनूनच मनले, मी येते."

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. तिघंही निघाले, कुणाला न कळवता. स्थळ बघायला न सांगता गेलं की घर खरं कळतं, असं मुक्ताचं म्हणणं. उन्हं उतरली होती तरी मैदानातून वाफ येत होती. मैदान कसलं, मातीचा पट्टाच. एका अंगाला बाभळी, दुसऱ्या अंगाला पत्र्याची खोली. गोलपोस्टचे पाइप गंजलेले. वैजनाथनं नाक मुरडलं. एक म्हातारे गृहस्थ दोन खुंट्यांना सुतळी ताणून तिच्या कडेनं पांढऱ्या फक्कीची रेघ मारत होते. डबा हलवत, पाठ वाकवून, सावकाश. रेघ मात्र सरळ होती, ते वैजनाथला मान्य करावं लागलं. सुतळी धरणारा माणूस त्याला परका वाटत नसे.

मुक्ता थेट पत्र्याच्या खोलीमागे गेली.

शिकवणाऱ्या प्रियदर्शनी मॅडम तिशीच्या आसपासच्या. उन्हानं रापलेल्या, गळ्यात शिट्टी, उजव्या गुडघ्याला काळा पट्टा. चालताना तो पाय थोडा कडक पडायचा. त्यांनी वैजनाथचं सगळं ऐकून घेतलं, पण बघत होत्या भाग्यश्रीच्या पायांकडे.

"त्या बाभळीपर्यंत पळून ये," त्या म्हणाल्या.

भाग्यश्री गेली आणि आली.

"आता चालत ये."

ती चालत आली. मॅडम खाली बसल्या. उजवा पाय वाकत नव्हता म्हणून तो लांब करून, एका हातावर भार देऊन बसल्या. त्यांनी भाग्यश्रीच्या हिरव्या बुटाच्या टोकावर अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

"इथं कोणाला भाड्यानं ठेवलंय?" मॅडम म्हणाल्या.

भोवती जमलेली पोरं फिस्सकन हसली. मॅडमनी नाडी सोडली, बूट ओढला, आत बोटं घातली आणि बनियनची घडी बाहेर काढली. तीन आठवड्यांत ती घामानं पिवळी झाली होती, आणि एका कोपऱ्यावर तपकिरी डाग होता. वैजनाथला वाटलं, आपल्यालाच कुणी भर चौकात उघडं केलं. पोरं त्याच्या बनियनकडे बघत होती.

मॅडमनी मोजाही काढला. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं.

"आज ही खेळणार नाही," त्या म्हणाल्या. "आठ दिवस चेंडूला पाय लावायचा नाही. नंतर खोलीत पत्र्याची पेटी आहे, मोठ्या मुलींचे लहान झालेले बूट असतात. त्यातून मापाचे बघू."

"मापाचे?" वैजनाथचा आवाज चढला. "दुसऱ्याच्या पायातनं उतरलेलं माझी पोरगी घालायची नाई. नवेकोरे बूट घेऊन दिलेत मी तिला. उघड्यावर नाई पडली ती."

"मी तसं म्हटलं नाही हो."

"चल गं."

त्यानं घडी उचलली, खिशात कोंबली, लेकीचा हात धरला आणि तो निघाला. भाग्यश्रीच्या एका पायात बूट होता आणि दुसरा हातात. फक्की मारणारे म्हातारे कंबर सरळ करून त्यांच्याकडे बघत राहिले. मुक्ता फाटकापाशी मागून आली. तिनं दोघांचे चेहरे बघितले. रस्ता ओलांडल्यावर एवढंच म्हणाली, "कडी हाय. बादलीत पानी बी हाय."

घरी मुक्तानं कोमट पाण्यात मीठ टाकून घमेलं उंबऱ्याशी ठेवलं. वैजनाथ खाली बसला, गुडघे कुरकुरले, आणि त्यानं लेकीचे पाय आपल्या हातानं पाण्यात सोडले. तेव्हा त्याला दिसलं की काळं नख एका पायाला नव्हतं, दोन्ही पायांना होतं. टाचांवर फोड येऊन फुटून गेले होते. त्यावर तिनं वहीला लावायचा सेलोटेप चिकटवला होता.

वैजनाथ तो सेलोटेप नखानं हलकेच सोडवत बसला.

"कवापासून दुखतंय?"

"तिसऱ्या दिवसापासून."

"मग बोलली कामून नाईस?"

भाग्यश्री पाण्यात बोटं हलवत राहिली. "पप्पा, तुम्ही दुकानात त्या काकांशी भांडून घेतले ना. मी दुखतं म्हटलं असतं तर ते काका बरोबर निघाले असते."

बाप खोटा पडू नये म्हणून अकरा वर्षांची पोर तीन आठवडे रक्ताळलेल्या पायांनी पळत होती, आणि तो जाळीला टेकून जमिनीची पातळी बघत होता. डोळ्यातलं पाणी घमेल्यात पडलं तेव्हा त्यानं ते पुसलंही नाही. मुक्तानं चुलीकडे तोंड फिरवलं, कारण नवऱ्याला रडताना बघितलं तर त्याला लाज वाटेल हे तिला ठाऊक होतं.

"मी खेळणार ना पण?" भाग्यश्रीनं विचारलं. "की आता बंद?"

"खेळशील की गं माय," तो म्हणाला. कुठं, ते मात्र त्याला अजून सांगता आलं नाही.

सोमवारी बाथरूमच्या दाराशी एक फरशी कापून बसवायची होती. वैजनाथनं टेप लावला. साडेआठ इंच आणि दोन सूत. त्यानं पेन्सिलीनं खूण केली, पुन्हा मापलं, खूण खोडली, अर्ध्या सुतानं सरकवली. मग पेन्सिल हातातच राहिली. लोकांच्या न्हाणीघराचा कोपरा तो अर्ध्या सुतानं मापत होता. लेकीचा पाय पट्टीनं मापून हातात दिला होता, तरी त्यानं ऐकलं नव्हतं. आणि काल एका परक्या बाईनं, स्वतःचा गुडघा वाकत नसताना, मातीत बसून तो मापला, तर हा तिच्यावरच ओरडून आला होता. प्रज्ञेश सरांचा त्याला राग नव्हता. चाळीस पोरांत कुणाचा बूट कोण दाबणार? पण त्यांनी बॅलन्स वीक म्हटलं होतं आणि ती पडत होती बापामुळे.

तो उठला आणि हात धुऊन स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"फॉर्म आणलात का?" कल्याणीताईंनी विचारलं.

"ताई, मुलीला दुसरीकडं घालतोय. नदीकडच्या मैदानावर."

कल्याणीताईंनी भाजी चिरणं थांबवलं. "अस्सं. मग सरांना मी काय कळवू? आमच्याकडे धूळ कमी पडली म्हणून?"

वैजनाथला वाटलं, जमीन दुभंगावी. तीही त्यानंच बसवलेली. "तुमचे उपकार विसरायचा नाही, ताई. जागा झ्याक हाय. पण तिथं त्या मॅडमनी पोरीचा बूट दाबून बघितला. आत नखं काळी झालती. मला बापाला दिसली नाहीत, तुमच्या सरांना बी नाही. मॅडमना दिसली."

"मी शब्द टाकला होता हो."

"हो ताई."

एवढंच बोलणं झालं. त्या दिवशी चहा आला नाही. कामावरून निघताना त्यानं बघितलं, कल्याणीताई जिन्याजवळच्या चपलांच्या कपाटापुढे उकिडव्या बसल्या होत्या आणि पृथ्वीराजच्या बुटाच्या टोकावर अंगठा दाबत होत्या. वैजनाथ पाय न वाजवता खाली उतरला. दुसऱ्या दिवशी चहा आला, आणि बरोबर खारी बिस्किटंही आली.

आठ दिवस भाग्यश्री चपलेत राहिली. शाळेला सुट्टी, मैदान बंद, पायाला चेंडू नाही. ती भिंतीला पाठ लावून बसायची. वैजनाथला सौरभ सरांचं बोलणं आठवायचं. तिनं मनातून सोडलंच असेल तर? रोज संध्याकाळी तो तिचे पाय बघायचा. नवव्या दिवशी तिनंच विचारलं, "पप्पा, आज जायचं का? त्या मॅडम घेतील ना? तुम्ही रागावून आला होतात."

"पाया पडीन त्यांच्या. चल."

पाया पडायची वेळ आली नाही. प्रियदर्शनी मॅडमनी लांबूनच बघितलं, हात केला आणि ओरडून सांगितलं, "पेटी उघडीच आहे!" जणू काही घडलंच नव्हतं.

खोलीत फक्की मारणारे म्हातारे पेटीपाशी बसले होते. ते मॅडमचे वडील, भीमराव. कारखान्यातून रिटायर झालेले. पेटीत बूट जोडीजोडीनं, नाड्या एकमेकींत बांधून ठेवलेले. भीमरावांनी तीन नंबरची एक जोडी काढली. रंग उडालेली, एक नाडी काळी, एक पांढरी.

"धुऊन वाळवलेत," ते म्हणाले. "चार मुलींनी घातलेत हे. त्यातली एक आता राज्याकडून खेळते. बघा, चालतंय का. नाहीतर तुमचे नवे आहेतच."

टोमणा वैजनाथला कळला. त्यानं मुकाट्यानं जोडी घेतली. "त्या दिवशी बोलून गेलो. पोरांच्या देखत माझं बनियन निघालं, तर..."

भीमराव दाराबाहेर बघत होते. मैदानात मॅडम शिट्टी वाजवत होत्या, एक पाय कडक टाकत.

"तिला मी आठ नंबरचे घेतले होते," ते म्हणाले. "पाय सहाचा. दोन दिवाळ्या निघतील म्हणून. कापूस घालून दिला होता टोकात, घट्ट. मॅचमध्ये वळताना बूट राहिला जागेवर आणि गुडघा फिरला. सतरा वर्षांची होती. मला कधी एका शब्दानं बोलली नाही ती. दवाखान्यातून आल्यावर म्हणाली, बाबा, आपण पेटी ठेवू या." त्यांनी पेटीचं झाकण लावलं आणि परत उघडलं. "तेव्हापासून रेघा मी मारतो."

वैजनाथनं पिशवीतून हिरवे बूट काढले. पुसून, नारिंगी नाड्या धुऊन आणले होते. दोन्ही नाड्या एकमेकींत बांधल्या आणि जोडी पेटीत ठेवली.

"पाच नंबरची कुणी असंल तर."

"आहे की," भीमराव म्हणाले. "दोघीजणी भांडतील."

भाग्यश्री मैदानाच्या कडेला, फक्कीच्या रेघेवर पाय पसरून बसली. वैजनाथ मातीत गुडघे टेकून तिच्यापुढे बसला. बूट चढवले, नाड्या आवळल्या, आणि टोकावर अंगठा दाबला. आत लगेच तिचा अंगठा लागला. उबदार, हलणारा.

"हितं हाय का?"

"हो, तिथेच आहे."

"जा मग."

ती गेली. दहा मिनिटं तो रेघेबाहेर उभा राहून बघत होता. चेंडू आला, तिनं डाव्या पायानं अडवला, वळली. पडली नाही. पुन्हा वळली, पुन्हा पडली नाही. आणि मग एकाएकी ती थांबली, मॅडमना हात करून काही तरी म्हणाली आणि खेळ सोडून सरळ त्याच्याकडे चालत आली.

"काय गं? काय झालं?"

भाग्यश्रीनं डावा पाय त्याच्यापुढे धरला. "पप्पा, हा चावतोय."

वैजनाथ घाईघाईनं खाली बसला, गुडघ्यांची पर्वा न करता, आणि काळी नाडी सोडायला लागला.

"कुठं चावतोय? नीट सांग."

"इथं, मागे. टाचेला."

"इथं? का वर?"

"थोडं वर. हां. तिथंच."

"बरं झालं सांगितलं," तो म्हणाला. "बरं झालं गं माय, सांगितलंस. आजून कुठं दुखतंय?"